माझ्या पोटातली कानटोपी

मित्रांनो, मी एक गोधडी आहे. वय विचाराल तर अकरा वर्षं आणि वर काही महिने. पण त्यातली अकरा वर्षं मी अर्धवटच होते. कडेनं शिवलेली आणि मधे हातभर मोकळी. अशी वस्तू धड पांघरता येत नाही आणि टाकून द्यायलाही मन होत नाही. मग तिची रवानगी ट्रंकेत होते. माझीही तशीच झाली. पण सुरुवातीपासून सांगते, म्हणजे माझ्यावर काय अन्याय झाला ते तुम्हाला नीट कळेल.

माझा जन्म एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, बाहेरच्या खोलीतल्या फरशीवर झाला. घरात चार माणसं होती. घड्याळं दुरुस्त करणारे बाबा, घरी बसून शाळेचे गणवेश शिवणारी आई, बाबांची धाकटी बहीण म्हणजे आत्या, आणि चार वर्षांची एक मुलगी. ती एका जागी कधी टिकत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आत्या टपाल कचेरीत पत्रं निवडायचं काम करायची. पत्र हातात येतं न येतं तोच ते योग्य खणात पडलेलं असायचं. आईचं बरोबर उलटं. एक काज करायला बसली की घर पेटलं तरी काज पुरं करूनच उठेल, अशी ती.

गोधडी करायची कल्पना आत्याची. "ज्याला हिची ऊब हवी, त्यानं आपलं एक कापड द्यायचं," असं तिनं जाहीर केलं. बाबांनी दुकानात घालायचा जुना कोट दिला, त्याच्या खिशाला अजून तेलाचा वास येत होता. आईनं फुलाफुलांचा निळा गाऊन काढला. आत्यानं आपला खाकी गणवेश आणला. पोटात घालायला एक विरलेलं ब्लँकेट होतंच. भिंगरीनंही धावत जाऊन स्वतःची पिवळी कानटोपी आणून दिली. आई आणि आत्या, दोघी हसल्या.

"टोपी नाही गं चालत. लोकर उसवते," आत्या म्हणाली. "तुझं कापड पुढच्या गोधडीत घालू हं."

भिंगरीचा चेहरा एवढासा झाला. हसण्याच्या भरात तो दोघींपैकी एकीनंही पाहिला नाही.

आता गोधडी शिवायची एक रीत असते. थर एकावर एक अंथरायचे, ते हलू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालायचे, आणि मग कडेपासून सुरू करून फेर घेत घेत आत मध्यापर्यंत यायचं. या दोघींनी कच्चे टाके घातलेच नाहीत. "कशाला? नंतर उसवायचेच ना?" असं आत्या म्हणाली, आणि आईच्या डोक्यावर गणवेशांचा ढीग होता, तीही बरं म्हणाली. दोघी समोरासमोर बसल्या, दोन बाजू शिवून झाल्या आणि चहा घ्यायला आत गेल्या.

तेवढ्यात भिंगरी आली. उघड्या बाजूनं तिनं माझ्या थरांमध्ये हात घातला, पार खांद्यापर्यंत, आणि कानटोपी माझ्या पोटात नेऊन ठेवली. मग मला वरून थोपटलं आणि हळूच म्हणाली, "आता मला पण ऊब." आणि खेळायला पळाली. त्या वयात सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, तसं तिचं झालं. ती विसरूनच गेली.

आईनं पुढे दोन दिवस टोपी शोधली. शेवटी वाळत घातलेली टोपी वाऱ्यानं उडाली असं ठरलं आणि विषय मिटला. मला सगळं माहीत होतं. पण गोधडीला कापड असतं, दोरा असतो, अस्तर असतं, तोंड नसतं.

पुढचे दोन महिने माझ्या कौतुकाचे गेले. दुपारी काम उरकून दोघी बसायच्या. आईचा टाका तांदळाच्या कणीएवढा, आत्याचा गव्हाएवढा. शेजारच्या बायका यायच्या, माझ्यावरून हात फिरवायच्या आणि वाहवा करायच्या. बाबांची तर दोघी मिळून यथेच्छ खिल्ली उडवायच्या. "जगाची घड्याळं वेळेवर लावतो," आत्या म्हणायची, "आणि स्वतः जेवायला मात्र एक तास मागे!" आई इतकी हसायची की तिची सुई थांबायची. त्या हसण्याची मला सवय झाली होती, हे नंतर ते बंद झाल्यावर कळलं.

एका रविवारी मध्यावर हातभर जागा उरली आणि तिथं फुगा आला. चांगला ताटलीएवढा. दाबला की बाजूला सरकायचा आणि पुन्हा डोकं वर काढायचा.

"वन्सं, तुमचा टाका सैल पडतो," आई म्हणाली. "सगळं कापड मधे सरकलंय."

"सैल? वहिनी, तुम्ही टाका असा आवळता की कापडाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. मग ते मधे नाही तर कुठं जाईल?"

"मी दिवसाला चार गणवेश शिवते. टाका कसा घालायचा ते मला शिकवू नका."

"आणि मी काय, नुसती तिकिटं चाटत बसते?"

फुग्यावरून बोलणं टाक्यावर गेलं, टाक्यावरून हाताच्या वळणावर गेलं, आणि मग जिथं जायला नको होतं तिथं गेलं. "तुमचं सगळं असंच," आई म्हणाली. "सुरुवात तुमची आणि निस्तरायचं आम्ही."

"आम्ही?" आत्यानं सुई माझ्यात टोचली आणि हात बाजूला घेतला. "म्हणजे मी या घरात परकी, असंच ना?"

इथं आईनं फक्त "नाही हो" म्हणायला हवं होतं. तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं, मी खालून बघत होते. पण राग मोठा होता. ती उठून मशीनवर जाऊन बसली.

माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. अगं बायांनो, टाके दोघींचेही उत्तम आहेत, जरा उसवून तरी बघा, असं किती वेळा मनात म्हटलं! पण दोघींना चूक कोणाची हे आधीच ठाऊक होतं. उसवून कोण बघतंय?

पंधरा दिवसांत आत्यानं त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली. मला चार घड्या घालून, डांबराच्या गोळ्या टाकून पत्र्याच्या ट्रंकेत बंद केलं. आत्याची सुई तशीच माझ्यात टोचलेली राहिली आणि हळूहळू गंजली.

ट्रंक बाहेरच्या खोलीत पलंगाखाली होती, त्यामुळे ऐकू सगळं यायचं. दोघींनी एकमेकींशी अबोला धरला होता, पण काळजी काही सोडली नव्हती. मग मधल्या मधे मरण भिंगरीचं. "भिंगरी, आत्याला सांग, उद्या पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा म्हणावं." भिंगरी वर. "भिंगरी, आईला सांग, भाजी मिळाली. मीठ जरा पुढे होतं, पण चव चांगली होती." भिंगरी खाली. "आत्याला सांग, मीठ मोजूनच घातलं होतं." भिंगरी पुन्हा वर. अशी अकरा वर्षं. तुम्ही म्हणाल, त्या पोरीचं काय झालं? तिचे पाय असे तयार झाले, मित्रांनो, की शाळेत धावण्यात तिला कोणी गाठेना. आणि पंधराव्या वर्षी दूरच्या क्रीडाशाळेत तिची निवड झाली. राहायचं तिथल्याच वसतिगृहात.

सामानाच्या यादीत 'एक ट्रंक' आणि 'एक जाड पांघरूण' असं लिहिलं होतं. ट्रंक बाहेर ओढली गेली, झाकण करकरलं, आणि अकरा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

"आई, हे काय?"

आईनं वळून पाहिलं आणि पुन्हा मशीनकडे तोंड केलं. "काही नाही. काढ ते. चार पोतेरी होतील त्याची."

माझं धाबं दणाणलं. कोटाची, गाऊनची, गणवेशाची पोतेरी!

"पण अर्धवट का?"

"ते तुझ्या आत्याला विचार."

भिंगरी मला खांद्यावर टाकून वर गेली. आत्या काही निवडत होती, मला पाहून तिचे हात थांबले. "ते तुझ्या आईला विचार," ती म्हणाली. शेवटी बाबांनीच सांगितलं की मधे फुगा आला आणि टाका कोणाचा चुकला यावरून दोघी भांडल्या.

त्या दिवशी जेवताना भिंगरीनं बाबांना विचारलं, "मी गेल्यावर या दोघींचे निरोप कोण नेणार?"

"माझे गुडघे दुसऱ्या मजल्यावरच संप करतात," बाबा म्हणाले.

"कोणी न्यायला नको," आई म्हणाली. "निरोपावाचून कोणाचं अडत नाही." पण वाढताना पळी तिच्या हातात तशीच राहिली आणि बाबांची वाटी रिकामीच राहिली. वर आत्याला विचारलं तर तिनंही अक्षरशः हेच सांगितलं. भिंगरीनं ओळखलं की आपण गेलो की हा जिना कायमचा बंद होणार. आणि हातात होते नऊ दिवस.

"पोतेरी नाही करायची," ती म्हणाली. "मी हीच पुरी करून नेणार."

गंजलेली सुई तिनं उपटली, नवी घेतली आणि शिवायला बसली. काय सांगू तिचं शिवण! तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि टाका अक्षरावर गेलेला. दोऱ्याला गाठ मारायची राहायची, बोट तीनदा टोचायचं. आई मशीनवरून बघायची, काही बोलायची नाही, पण जागच्या जागी तिची चुळबुळ चालायची. दुसऱ्या दिवशी भिंगरी धावायच्या सरावाला गेली आणि आई चोरासारखी माझ्याजवळ आली. तिनं ते वेडेवाकडे टाके उसवले, एक सबंध ओळ घातली आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली, जणू काही झालंच नाही.

भिंगरीनं परत येऊन पाहिलं. तांदळाच्या कणीएवढे टाके! पोरगी हुशार. एक शब्द बोलली नाही. उलट मला उचलून वर घेऊन गेली. "आत्या, इथं उजेड चांगला आहे, राहू दे इथं," म्हणाली आणि साबण आणायला म्हणून जी गेली ती तासाभरानं आली. तोवर आत्याच्या गव्हाएवढ्या टाक्यांची ओळ तयार होती. असं पाच दिवस चाललं. एक दिवस मी खाली, एक दिवस वर. दोघींना वाटायचं, आपण गुपचूप पोरीला मदत करतोय. मला इतका आनंद झाला होता की बस्स.

आणि मग फुगा आला. जागा कमी उरली तसा तो फार वर आला. आईनं पाहिलं, बाजूची आत्याची ओळ पाहिली, आणि ओठ मिटून सुई ठेवून दिली. आत्यानं पाहिलं, आईची ओळ पाहिली, तिनंही तेच केलं. राहिलेले दिवस तीन, आणि मला हात लावायला कोणी तयार नाही.

भिंगरीनं वैतागून मला दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर नेलं, फरशीवर पसरलं आणि सरळ कात्री घेऊन फुग्यावरचं कापड कापलं. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त बरं वाटलं. तिनं आत हात घातला आणि कानटोपी बाहेर काढली.

क्षणभर तिला काही कळेना. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेरच्या खोलीत भिंतीवर तिचा लहानपणीचा फोटो आहे, हीच टोपी घातलेला. टोपी आत कोणी घातली असणार, हे सांगायला कोणी लागलं नाही. तिनं टोपी मुठीत दाबली, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि ती खिशात कोंबली.

आता फुगा नव्हता. ती मला नुसती शिवून टाकू शकत होती. कोणाला काही कळलं नसतं. तिच्यामुळे घर दुभंगलं, हे तिला कोणापुढे कबूल करावं लागलं नसतं. आणि खरंच, तो अख्खा दिवस तिनं तसाच काढला. जेवली नाही, सरावाला गेली नाही. आईनं कपाळाला हात लावून पाहिला, तर तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं, आता हीसुद्धा माझ्यासारखीच मूग गिळून बसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला पुन्हा त्याच जिन्यावर पसरलं आणि मोठ्यानं हाक मारली. "आई, वर ये! आत्या, खाली ये! निरोप नाही, मी बोलावतेय!"

एक खालून आली, एक वरून. दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, नजर चुकवत. भिंगरीनं खिशातून टोपी काढून माझ्यावर ठेवली.

"फुग्यात ही होती," ती म्हणाली. "मीच घातली असणार. तुमचे टाके चांगले होते, दोघींचे. माझ्यामुळे तुम्ही अकरा वर्षं..." पुढचं तिला बोलवेना. ती रडायलाच लागली.

आई पायरीवर बसली. टोपी उलटीपालटी करून पाहिली. "ही मी गच्चीपासून गटारापर्यंत शोधली होती," ती म्हणाली.

"मीच नको म्हटलं होतं टोपीला," आत्या म्हणाली. तिला सगळं आठवलं होतं. तिनं भिंगरीला जवळ ओढलं. "गप गं, वेडे. तू चार वर्षांची होतीस. टोपीनं फुगा आणला, एवढंच. तिसऱ्या मजल्यावर मी माझ्या पायांनी गेले."

"आणि मी थांबवलं नाही," आई म्हणाली. ती टोपीकडेच बघत होती. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत, मी परकी का म्हणून. मला नाही म्हणायचं होतं, वन्सं. रोज म्हणायचं होतं. पण मग उशीर झाला असं वाटायला लागलं."

आत्यानं नाक पुसलं, माझी कड उचलून बारकाईनं पाहिली आणि म्हणाली, "तरी पण टाका तुमचा आवळलेलाच आहे हं, वहिनी."

आई खळाळून हसली. अकरा वर्षांनी ऐकलं मी ते हसणं. सगळ्या जिन्यात घुमलं. खाली बाबांनी दार उघडून विचारलं, "काय पडलं?"

उरलेले दोन दिवस पहिल्या मजल्यावर नुसती गडबड होती. या वेळी आधी कच्चे टाके घातले, तेही दोघींनी मोजून. भिंगरीनं कापलेल्या जागी ठिगळ लावायचं होतं. आईनं टोपीची वीण मशीनवर बंद केली, म्हणजे लोकर उसवणार नाही, आणि टोपी सपाट करून तिथंच बसवली. त्यावरूनही वाद झाला. ठिगळ तिरकं आहे असं एकीचं म्हणणं, नजर तिरकी आहे असं दुसरीचं. पण आता मला अशा वादांची भीती वाटत नव्हती. शेवटी मध्यावर एकाच टाक्याची जागा उरली.

"तुम्ही घाला, वन्सं."

"छे, तुम्ही घाला, वहिनी."

"अहो, सुरुवात तुमची होती."

"म्हणूनच म्हणते, शेवट तू कर."

इतक्या वर्षांत आत्याच्या तोंडून आईला 'तू' पहिल्यांदाच आलं. दोघींच्याही ते लक्षात आलं आणि दोघींनीही लक्षात आलं नाही असं दाखवलं. "देवा, माझी गाडी सुटेल!" म्हणत भिंगरीनं सुई हिसकावून घेतली आणि तो टाका स्वतः घातला. अगदी कोंबडीच्या पायासारखा. तो कोणी उसवला नाही.

मित्रांनो, आता मी वसतिगृहातल्या एका लोखंडी खाटेवर असते. पहिल्याच संध्याकाळी भिंगरीनं माझ्यावर मांडी घालून घरी फोन लावला. सवयीप्रमाणे म्हणाली, "आई, मी पोचले. आत्याला सांग."

"मी कशाला सांगू?" पलीकडून आईचा आवाज आला. "ती इथंच बसलीय, माझी चांगली सुई पळवून. दुसरी गोधडी शिवायला घेतलीय आम्ही. घे, तूच बोल तिच्याशी."

भिंगरी बोलली, खूप वेळ बोलली, आणि मग मला गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

तुमच्याही घरी ट्रंकेत, माळ्यावर, कपाटाच्या तळाशी कोणाचं तरी अर्धं शिवण पडलेलं असेल. त्याची पोतेरी करू नका. त्याला ऊन दाखवा, आणि ज्यानं ते सोडलं त्याच्यासमोर नेऊन ठेवा. टाके वेडेवाकडे आले तरी घाबरू नका, मी त्यांच्यासकट वापरात आहे. आणि मधेच कुठं फुगा आला, तर चूक कोणाची हे ठरवण्याआधी आत हात घालून बघा. मला अकरा वर्षं सगळं माहीत होतं आणि एक शब्द बोलता येत नव्हता. तुम्हाला तर बोलता येतं ना?